ज्याला हसलो, त्याच्यासाठी

काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे संवाद लिहायचं काम मी सात-आठ महिने केलं. एका भागात थोरली सून तपासणीचा रिपोर्ट घेऊन घरी येते, तो आधी कुणाला दाखवावा हे तिला ठरवता येत नाही आणि ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहते, असा प्रसंग होता. संवाद जवळजवळ नव्हतेच. लिहून पाठवला आणि तासाभरात वाहिनीच्या क्रिएटिव्हचा फोन आला. 'सीन छान झालाय हो, पण फार जड झालाय. याच्या आधी काकांचा एक ट्रॅक टाकून द्या ना.'

काका म्हणजे त्या मालिकेतला विनोद. गावाकडून आलेले, 'न'ला 'ण' आणि 'ण'ला 'न' म्हणणारे, कुठलीही म्हण भलत्याच जागी वापरणारे. मी मुकाट्याने ट्रॅक टाकला. काका टीव्हीच्या रिमोटवरून फोन लावायला बघतात आणि पलीकडून कुणी बोलत नाही म्हणून रिमोटवरच ओरडतात. पडद्यावर दीड मिनिट. मग कट, आणि जिना. भाग दाखवला गेला, कुणाची तक्रार आली नाही. मला मात्र बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट खटकली. काका दिवाणखान्यात होते आणि जिना दिवाणखान्यातूनच वर जात होता. सेट मी पाहिलेला होता. काकांना सून दिसायला हवी होती. पण काका ट्रॅकमध्ये होते आणि ती सीनमध्ये. ट्रॅकमधल्या माणसाला सीनमधलं दिसत नाही.

हसू आणि रडू एकत्र कसं आणावं यावर चित्रपट-मालिकांच्या दुनियेत जेवढं बोललं जातं, ते बहुतेक प्रमाणाबद्दल असतं. विनोद किती, गांभीर्य किती, आधी काय, नंतर काय. 'हसता हसता डोळ्यांच्या कडा ओलावणारा' हे जाहिरातीतलं वाक्य तर आता इतकं झिजलंय की त्याचा खरा अर्थ लगेच कळतो: मध्यंतरापर्यंत हसवू, मग कुणाला तरी आजारी पाडू. व्यावसायिक नाटकांतही पुष्कळदा हेच. पहिल्या अंकात हशे वसूल करायचे, दुसऱ्या अंकाच्या शेवटी निळा प्रकाश, एक स्वगत, थोडा संदेश, पडदा. प्रेक्षक दोन्हींना टाळ्या देतो आणि घरी जातो. यात मिसळलेलं काहीच नसतं. दोन पाळ्यांत चालणारा कारखाना असतो, आणि दिवसपाळीचे कामगार रातपाळीच्या कामगारांना कधी भेटत नाहीत.

ते भेटत नाहीत ही गोष्ट मला साधी वाटत नाही. कुणी हसवायचं आणि कुणासाठी रडायचं ही वाटणी वरवर कलेच्या सोयीची दिसते, पण ती फार जुन्या काळापासून माणसांच्या वाटणीवर बेतलेली आहे. म्हणून हास्य आणि करुण यांची सरमिसळ हा मला चवीचा प्रश्न वाटत नाही, हक्काचा वाटतो. पडद्यावर कुणाला दुःख असू द्यायचं, हा तो प्रश्न.

'ट्रॅजिकॉमेडी' हा शब्द जिथून आला ती जागाच बघा. सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या रोमन नाटककार प्लॉटसच्या 'अँफिट्रिऑन' या नाटकाच्या सुरुवातीला मर्क्युरी देव प्रेक्षकांसमोर येतो आणि आपण शोकांतिका दाखवणार असल्याचं सांगतो. लोकांच्या कपाळावर आठ्या दिसताच तो म्हणतो, बरं, मी देव आहे, हीच गोष्ट बदलून टाकतो. पण अख्खी कॉमेडी करणंही योग्य नाही, कारण यात राजे येतात, देव येतात. आता एका गुलामाचंही काम आहे म्हटल्यावर दोन्हींचं मिश्रण करू. सगळं थट्टेत चाललेलं आहे, पण थट्टेतच नियम उघडा पडतो: राजा आला की गंभीर व्हायचं, गुलाम आला की हसायचं. शब्द जन्माला आला तो दोन भावनांच्या भेटीतून आला असं आपण समजतो. तो आला दोन थरांची माणसं एका रंगमंचावर उभी राहिल्यामुळे.

आपल्याकडचा हिशेब फार वेगळा नव्हता. संस्कृत नाटकात नायक संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. बहुतेक विदूषक जन्माने ब्राह्मण, तरीही प्राकृत. म्हणजे हसवायचं काम गळ्यात पडलं की भाषाही त्या पायरीची मिळते. पुढे १४व्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसांची शत्रुत्वं मांडली, त्यात हास्य आणि करुण समोरासमोर उभे आहेत. शास्त्र म्हणून त्यात तथ्य नाही असं नाही. एकाच क्षणी दोन्ही रस पिकवणं अवघड असतंच. पण अवघड आहे म्हणून निषिद्ध, आणि निषिद्ध आहे म्हणून विदूषकाला दुःख नाही, अशी घसरण व्हायला वेळ लागत नाही. आजच्या मालिकांत प्रमाण मराठी बोलणारी माणसं रडतात आणि बोली बोलणारी हसवतात. त्या काकांचा उच्चार हाच त्यांचा परवाना होता. त्यांना अर्धांगवायू झाला असता, तरी पहिल्या वाक्याला लोक हसले असते, आणि तो दोष लोकांचा नव्हता.

गंमत अशी की शास्त्राने काहीही म्हटलं तरी नाटककारांनी ते पुरतं ऐकलं नाही. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' मराठी माणसाला देवलांमुळे घरचं आहे. त्यातला शर्विलक भिंत फोडायला येतो, मापाचा दोरा घरी विसरतो आणि खांद्यावरच्या जानव्यानेच भोकाचं माप घेतो. वर जानव्याचे चोराला असलेले उपयोगही गणून दाखवतो. हे सगळ्यांना आठवतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नवव्या अंकातला प्रसंग. नायक चारुदत्तावर त्याच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या खुनाचा आळ आहे. त्याचा मित्र, विदूषक मैत्रेय, न्यायसभेत येतो. वसंतसेनेचे दागिने तिला परत करायला म्हणून त्याच्याकडे दिलेले असतात आणि ते त्याच्या काखेत आहेत. समोर शकार दिसतो. शकार म्हणजे राजाचा मेहुणा, रामायण-महाभारताची पात्रं एकमेकांत कालवणारा, प्रत्येक वाक्याला हशा घेणारा मूर्ख. दोघांची जुंपते. विदूषकाने काठी उगारायची, शकाराने कांगावा करायचा, प्रेक्षकांनी हसायचं, हा ठरलेला खेळ. त्या झटापटीत मैत्रेयाच्या काखेतून दागिने खाली पडतात.

पुरावा मिळाला. चारुदत्त वध्यभूमीकडे.

म्हणजे ज्या धांदरटपणाला आपण आठ अंक हसत आलो, त्यानेच मित्राच्या गळ्याला फास लावला. आणि वसंतसेनेचा गळा दाबणारा तोच शकार, ज्याच्या पौराणिक गोंधळावर आपण मनापासून हसलो होतो. विनोद आणि भीषण यांच्यामध्ये इथे भिंत नाही. एकाच माणसाचा एकच स्वभाव दोन्ही कामं करतो. शेवट गोड होतो ते सोडा. मी म्हणतो ती सरमिसळ हीच. दागिने काखेतून पडले त्या क्षणी हसणारा प्रेक्षक हसता हसता अडकला, त्याला बाहेर यायला वाट राहिली नाही.

मराठी रंगभूमी ही युक्ती विसरली नव्हती. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ हा विनोदी भाग म्हणून आपण वेगळा काढून आठवतो. सुधाकराच्या बायकोची, सिंधूची, करुण कहाणी एका खिशात, तळीरामाच्या कोट्या दुसऱ्या खिशात. पण सुधाकराच्या हातात पहिला पेला देतो कोण? तळीरामच. मंडळातल्या दारुड्यांना हसणारे प्रेक्षक ज्या दारूला हसतात तीच दारू पुढे ते घर बुडवते. गडकऱ्यांनी कोट्यांचा अतिरेक केला, हे मान्य. काही जागी नट दमेल इतक्या कोट्या आहेत. तरी रचना ट्रॅकची नाही. तळीराम सीनमध्ये आहे.

'कॉमिक रिलीफ' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. रिलीफ म्हणजे सुटका. गंभीर प्रसंगाने छाती दडपली, आता जरा हलकं वाटू द्या. पण या कल्पनेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणून जे दिलं जातं, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला द्वारपाल, ते नीट पाहिलं तर सुटका कुठे आहे? राजाचा खून नुकताच झालाय, दार वाजतंय, आणि झोपेतून उठलेला, रात्रीची उतरायची असलेला द्वारपाल आपण नरकाच्या दाराचे पहारेकरी आहोत अशी बतावणी करत येतो. त्याला माहीत नाही की तो खरं बोलतोय. आपल्याला माहीत आहे. इंग्रज निबंधकार डी क्विन्सीने १८२३ साली त्या दार वाजण्यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नेहमीचं जग परत सुरू झाल्याचा तो आवाज आहे, आणि म्हणूनच मधे जे थांबलं होतं त्याची भीषणता त्या आवाजाने कळते. द्वारपाल ओझं हलकं करत नाही. ते किती होतं ते दाखवतो.

आता दूरचित्रवाणीकडे. 'मॅश' ही अमेरिकन मालिका १९७२ ते १९८३ अशी चालली. कोरियन युद्धातल्या एका लष्करी शस्त्रक्रिया तळावरचे डॉक्टर, त्यांचा चावटपणा, त्यांचे रक्ताने माखलेले झगे. निर्मात्यांना तिला ध्वनिमुद्रित हसू लावायचं नव्हतं. वाहिनीला लावायचंच होतं. तडजोड ठरली ती अशी: शस्त्रक्रियागृहातल्या प्रसंगांना हसू लावायचं नाही. बाकी सगळीकडे लावा. ही तडजोड मला विलक्षण वाटते, कारण तीत हसायची जागा आणि न हसायची जागा अक्षरशः खोल्यांनुसार वाटून दिलेली आहे. नाटकाच्या दोन पाळ्यांची हीच रीत, फक्त दाराला पाटी लावलेली.

मग मार्च १९७५ मध्ये तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग आला. तळाचा प्रमुख कर्नल ब्लेक, सगळ्या मालिकेतला गबाळा, गोंधळलेला, प्रेमळ माणूस, नोकरीतून सुटून घरी निघालाय. निरोपाचे सगळे विनोद होतात, तो हेलिकॉप्टरमध्ये बसतो, भाग संपला असं वाटतं. मग शस्त्रक्रियागृह. त्याचा तरुण कारकून रडार मास्क न लावताच आत येतो, त्याला मास्क लाव म्हणून टोकतात, थट्टाही होते. तो हातातला कागद वाचतो: ब्लेकचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. कुणी काही बोलत नाही. हात चालू राहतात, कारण टेबलावर माणसं आहेत. कुठेतरी एक हत्यार खाली पडल्याचा आवाज होतो. बहुतेक नटांना ते शेवटचं पान चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत दिलेलं नव्हतं. प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली.

संताप कसला? युद्धात माणसं मरतात हे तीन वर्षं दर आठवड्याला दाखवलं जात होतं. पण मरायची ती टेबलावरची, नाव नसलेली माणसं. ब्लेक हसवणारा होता. हसवणाऱ्याला मरण नसतं, हा प्रेक्षकांशी झालेला न लिहिलेला करार होता आणि तो मालिकेने मोडला. माझ्या मते ती मालिका खरी त्या दिवशी झाली. (आणि यंत्रातल्या हसूवर आपण आता नाकं मुरडतो, पण आपली स्थिती काय आहे? तेव्हा हसू यंत्रातून यायचं, आता रडू येतं. करुण प्रसंग येतोय हे नटाच्या चेहऱ्याआधी बासरी सांगते.)

वर्गीकरण करणाऱ्यांचे हाल बघण्यासारखे असतात. अमेरिकेतल्या टीव्हीच्या एमी पुरस्कारांनी २०१५ साली नियम केला: भाग ३० मिनिटांचा किंवा त्याहून कमी असेल तर कॉमेडी, जास्त असेल तर ड्रामा. घड्याळ लावून रस ठरवण्याचा हा प्रयोग २०२१ च्या अखेरीस मागे घेतला गेला. मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची कथा असलेल्या 'द मार्शन'ला २०१६ च्या गोल्डन ग्लोबमध्ये 'म्युझिकल किंवा कॉमेडी' गटातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. भावाने आत्महत्या केलेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या 'द बेअर'ने २०२४ च्या एमींमध्ये कॉमेडी गटात ११ पुरस्कार घेतले, तोवर एका वर्षात कुठल्याही कॉमेडीला न मिळालेले. लोकांनी याची भरपूर टिंगल केली आणि ती रास्तही होती, कारण कुठल्या गटात स्पर्धा सोपी जाईल हे पाहून अर्ज भरले जातात. पण तेवढ्यावर हसून थांबू नये. गट करणाऱ्यांना जी अडचण होते ती खरी अडचण आहे: ही माणसं कुठल्या खोलीत ठेवायची?

आता विरोधी बाजू. ती हलकी नाही. काही दुःखं इतकी मोठी असतात की त्यांच्याजवळ विनोद नेणं म्हणजे ज्यांनी ती भोगली त्यांचा अपमान, असं म्हणणारे लोक सगळेच सोवळे नसतात. त्यांच्या बाजूला साक्षात चॅप्लिन उभा आहे. १९४० साली त्याने हिटलरची खिल्ली उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' केला. १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की जर्मन छळछावण्यांतल्या खऱ्या भीषणतेची कल्पना असती तर आपण हा चित्रपट करू शकलो नसतो. ज्याने विनोदाचं हत्यार आयुष्यभर चालवलं तोच असं म्हणतोय, तेव्हा ऐकलं पाहिजे.

मी ऐकतो, तरी पुरता पटत नाही. त्या चित्रपटात हुकूमशहा आणि गरीब ज्यू न्हावी या दोन्ही भूमिका चॅप्लिननेच केल्या आहेत. चेहरा एक, मिशी एक. हुकूमशहा पृथ्वीच्या फुग्याशी खेळतो, टाचेने उडवतो, पाठीवर झेलतो, नाचतो; शेवटी फुगा हातात फुटतो आणि तो रडायला लागतो. हे अतोनात विनोदी आहे आणि त्यात एक कणही सुटका नाही, कारण फुग्यावर आपण आहोत. आणि जिथे चॅप्लिन विनोद बाजूला ठेवून कॅमेऱ्यात बघून मानवतेवर लांबलचक भाषण करतो, तो शेवट मला नेहमी त्या चित्रपटाची सगळ्यात उणी जागा वाटत आलाय. भाषणातलं सगळं बरोबर आहे. पण तिथे त्याने गांभीर्याला वेगळी खोली दिली. विषय फार मोठा आहे म्हणून विनोद नको, हे म्हणणं मला अपुरं वाटतं. फुगा फुटताना आपण भोगणाऱ्याला हसत नाही, ज्याच्या हातात फुगा आहे त्याला हसतो. विषयाआधी हे विचारायला हवं, आणि मग हेही विचारायला हवं की हसणाऱ्याला शेवटी काही चुकवावं लागतं का.

दिग्दर्शक कुब्रिकचा किस्सा याच जातीचा. अणुयुद्धावरची एक गंभीर कादंबरी घेऊन तो गंभीर चित्रपट करायला बसला, आणि १९६४ मध्ये बाहेर आला तो 'डॉ. स्ट्रेंजलव्ह', काळाकुट्ट विनोद. त्याचा शेवट म्हणून सेनापती, मुत्सद्दी सगळे एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे 'पाय' (केकसारखा पदार्थ) फेकतात असा भलाथोरला प्रसंग चित्रित झाला होता. तो कापून टाकला. कापला हे फार बरं झालं. तोंडाला क्रीम लागलेला माणूस निरुपद्रवी वाटतो.

आणि मग 'फँड्री'.

नागराज मंजुळेंचा हा २०१३ चा चित्रपट. तो पाहिला तेव्हा माझ्या मागच्या रांगेत पाच-सहा मुलं होती, कॉलेजातली असावीत. गावकुसाबाहेरचा जब्या आणि त्याचा दोस्त काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतात, कारण तिची राख जिच्या अंगावर पडेल ती मुलगी वश होते असं त्याला कळलंय. ही मुलं खळखळून हसत होती. मीही हसत होतो. ते हसू प्रेमाचं होतं. चौदा वर्षांच्या वयात ज्याने असा काही उद्योग केला नाही तो माणूसच कसला. मग शेवटाकडे डुक्कर पकडायचा प्रसंग सुरू होतो. जब्याचं सगळं घर, बाप, आई, बहिणी, डुकरामागे धावतंय. डुक्कर सटकतं, माणसं पडतात, पुन्हा धावतात. शाळेची पोरं बघायला जमतात, जिच्यासाठी ती चिमणी हवी होती ती शालूही बघतेय, आणि जब्या जिकडेतिकडे लपतोय. पडझड, पाठलाग, हातातोंडाशी आलेली शिकार निसटणं: मूकपटांपासून चालत आलेलं विनोदाचं सगळं साहित्य इथे मांडून ठेवलंय. मागची रांग हसत राहिली. आणि पडद्यावरचे बघेही हसत होते, त्याच जागांवर.

मग शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग बापही. डुक्कर मोकळं. पुन्हा हशा आला, पण या वेळी थोडा कमी. मला वाटतं तिथे त्या मुलांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण आणि पडद्यावरची ती टोळकी एकाच वेळी हसतोय. त्यानंतर मागून आवाज आला नाही. काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांवरून जातं, पोरं चिडवत मागे लागतात, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. काळोख.

त्या दगडाबद्दल भरपूर लिहून झालंय. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. तो दगड लागतो तो आधी हसलो म्हणून. डुक्कर पकडायचा प्रसंग पहिल्यापासून करुण बासरीखाली दाखवला असता, तर आपण पहिल्या फ्रेमपासून भल्या माणसांसारखे हळहळलो असतो, आणि हळहळणाऱ्या माणसाला कुणी दगड मारत नाही. मंजुळेंनी आपल्याला आधी बघ्यांत नेऊन उभं केलं. विनोद हा इथे सापळा आहे. चिमणीमागे धावणाऱ्या जब्याला आपण आपला म्हणून हसलो होतो. डुकरामागच्या जब्याला परका म्हणून हसलो. जब्या तोच, पाय तेच. मधे बदललो ते आपण.

एवढं पाहिल्यावर माझी कसोटी सोपी झाली. ज्याला हसलो, त्याच्यासाठीच घसा दाटतो का? ब्लेकच्या बाबतीत हो. मैत्रेयाच्या बाबतीत हो, त्याच्या काखेतून पुरावा खाली पडतो तेव्हा. आमच्या मालिकेतल्या काकांच्या बाबतीत नाही, कधीच नाही, कारण त्यांच्यासाठी घसा दाटू नये म्हणूनच तर त्यांना आणलं होतं.

याची उलट बाजूही तपासली पाहिजे: जिच्यासाठी रडतो ती कधी हास्यास्पद दिसू शकते का? आपल्या दुःखी नायिका फार नीटनेटक्या रडतात. खरं दुःख अतिशय बेंगरूळ असतं. भयंकर बातमी ऐकल्यावर माणूस चप्पल उलटी घालतो, फोन खिशात असताना फोन शोधतो, भलत्याच गोष्टीवर भांडतो. नट हे करू शकतात, करतातही, पण संकलनाच्या टेबलावर ते कापलं जातं, कारण प्रेक्षक हसला तर? हसू दे की. हसल्यामुळे त्याचं दुःख कमी झालं असं कुठे लिहिलंय?

हल्ली एक तिसरा प्रकार बोकाळलाय, त्याला मात्र मी सरमिसळ म्हणायला तयार नाही. प्रत्येक गंभीर प्रसंगाच्या शेपटीला एक चटपटीत वाक्य. कुणी प्रेम कबूल करतं, लगेच पंच. कुणी मरतं, दोन सेकंद शांतता, पंच. लिहिणाऱ्याला वाटतं आपण भावनेला मेलोड्रामापासून वाचवलं. खरं तर तो घाबरलाय. भावनेत दहा सेकंद जास्त थांबलो तर प्रेक्षक आपल्याला भाबडं म्हणेल ही त्याची भीती आहे, आणि पंच ही पळवाट. काकांचा ट्रॅक गांभीर्य येण्याआधी रस्ता अडवतो, हा पंच ते आल्यावर त्याला हुसकावतो. दोघांचा मालक एकच. दमून आलेल्या माणसाला नुसतं हसायचं असतं, हे मला कबूल आहे. दारं उघडतात, दारं बंद होतात, चुकीचा माणूस चुकीच्या कपाटात लपतो असा शुद्ध फार्स मी कधीही बघेन. तो कसलाही दावा करत नाही. दावा करून पळणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

त्या जिन्याच्या प्रसंगाचं काय करता आलं असतं, याचा मी अजून मधूनच विचार करतो. पहिल्यांदा सुचलं ते असं: काका तिच्याजवळ जातात, डोक्यावर हात ठेवतात आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक म्हण बरोबर वापरतात. वाहिनीला हे फार आवडलं असतं, म्हणूनच ते टाकून दिलं. विदूषक शेवटी शहाणा निघतो, ही त्याला बढती देण्याची स्वस्त रीत आहे. रडण्यालायक होण्यासाठी त्याने आधी आमच्यासारखं व्हायचं.

दुसरं असं. काका रिमोट घेऊनच जिन्याशी येतात. तीच खटपट, तोच वैताग. सून मधल्या पायरीवर बसलेली. ते दोन पायऱ्या चढून तिच्या शेजारी बसतात, दम घेतात. तिच्या मांडीवर पाकीट, पाकिटातून अर्धा बाहेर आलेला कागद. काका रिमोट तिच्या हातात देतात आणि कागद सहज ओढून घेतात, कारण त्यांना वाटतं तो रिमोटबरोबर आलेला असणार. ती अडवायला हात पुढे करते आणि मधेच थांबते. घरात तो रिपोर्ट सगळ्यात आधी काकांच्या हातात पडलाय, आणि तो इंग्रजीत आहे. काका तो उलटसुलट करतात, लांब धरतात, जवळ आणतात, एका ओळीवर बोट ठेवतात.

'सूणबाई, यात कुठलं बटण दाबायचं लिवलंय?'